वाचकांचे प्रश्न: कारखाना नसलेलं राजकीय घराणं

प्रश्न : माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांना सगळे 'स्वच्छ, अभ्यासू' म्हणतात, पण आई खासदार, वडील खासदार, मग तेही घराणेशाहीतूनच आले ना? (एक वाचक, उंब्रज)

हो, घराण्यातूनच आले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. वडील दाजीसाहेब चव्हाण, मूळ गाव पाटण तालुक्यातलं कुंभारगाव. 1957 ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) कराडचे खासदार झाले, नंतर काँग्रेसमध्ये आले आणि केंद्रात मंत्री झाले. 1973 ला ते गेले आणि ती जागा त्यांच्या पत्नी प्रेमलाकाकींकडे आली. काकी म्हणजे नुसत्या 'दाजीसाहेबांच्या पत्नी' नव्हत्या बरं का, काँग्रेस फुटली तेव्हा विरुद्ध गटातल्या यशवंतराव चव्हाणांच्या जिल्ह्यात राहून इंदिरा गांधींच्या बाजूनं उभं राहायला काय लागत असेल याचा विचार करा, त्या उभ्या राहिल्या आणि प्रदेशाध्यक्षही झाल्या. 1991 ला मुलाला तिकीट मिळालं. चव्हाण आडनाव नसतं तर कराडचं तिकीट एका इंजिनिअरला कुणी दिलं असतं? नसतंच दिलं.

पण आपल्याकडे घराणं म्हटलं की साखर कारखाना आला, जिल्हा बँक आली, दूध संघ आला, शिक्षणसंस्था आली, आणि या सगळ्यात चिकटवलेली गावोगावची पोरं आली. मतं तिथून येतात. कराडच्या या घराण्याकडे साखर कारखाना नाही, त्या भागातले कृष्णा आणि सह्याद्री हे दोन्ही मोठे कारखाने दुसऱ्यांकडे. माझ्या मते पृथ्वीराजबाबांचं सगळं राजकारण, चांगलं आणि अडलेलं दोन्ही, या एका गोष्टीतून समजतं.

प्रश्न : अमेरिकेत चांगलं करिअर होतं म्हणतात, मग राजकारणात कसे आले? (एक वाचक, पुणे)

जन्म 17 मार्च 1946, इंदूरचा. पिलानीच्या बिट्समधून इंजिनिअरिंग, मग कॅलिफोर्नियात बर्कलेला एमएस, तिथेच विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचं काम केलं. भारतात परत येऊन स्वतःचा व्यवसाय केला, भारतीय भाषा कॉम्प्युटरवर आणायच्या सुरुवातीच्या कामातही होते. राजीव गांधींना असली माणसं हवी होती, त्यांनी राजकारणात आणलं. 1991, 96, 98 असे तीनदा निवडून आले आणि 1999 ला राष्ट्रवादी वेगळी झाल्यावर श्रीनिवास पाटलांकडून हरले. मग राज्यसभा, आणि 2004 पासून थेट पंतप्रधान कार्यालयात मनमोहन सिंगांबरोबर राज्यमंत्री.

प्रश्न : मुख्यमंत्री असताना फायलींवर सह्याच करत नव्हते हे खरं का? आमच्या ओळखीचे एक बिल्डर अजून नाव काढलं की चिडतात. (एक वाचक, ठाणे)

बिल्डर का चिडतात ते आधी सांगतो. मुंबईत फ्लॅटच्या प्लॅनवर बाल्कनी, फ्लॉवर बेड असं दाखवायचं, ते एफएसआयमध्ये (म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधकाम करायची परवानगी असते त्यात) धरायचं नाही, त्यासाठी आयुक्तांच्या खास अधिकारात सवलत घ्यायची, आणि पुढे ताबा देताना हॉल मोठा करून तीच जागा पूर्ण भावानं विकायची. प्रत्येक सवलत म्हणजे एक फाईल, आणि प्रत्येक फाईल म्हणजे कुणाकडे तरी खेटे. जानेवारी 2012 मध्ये नियमच बदलला. बाल्कनी-बिल्कनी सगळं एफएसआयमध्ये धरा, वर घरांना 35 टक्के फंजिबल एफएसआय, म्हणजे कुठेही वापरता येणारं जादा बांधकाम घ्या, त्याचा प्रीमियम सरकारी दरानं भरा आणि मोकळे व्हा. माझ्या लेखी हा त्यांचा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात चांगला निर्णय, कारण त्यानं एकट्यादुकट्याची मेहेरबानी काढून सगळ्यांना एकच नियम लावला.

त्याआधी मे 2011 मध्ये राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेच्या कारवाईनंतर गेलं आणि प्रशासक बसले. त्या मंडळात राष्ट्रवादीची बडी मंडळी, म्हणजे सरकारमधल्याच मित्रपक्षाची. मग सिंचन. आर्थिक पाहणीत आकडा आला की हजारो कोटी खर्चून दहा वर्षांत ओलिताखालचं क्षेत्र जेमतेम 0.1 टक्का वाढलं, त्यावर त्यांनी श्वेतपत्रिका काढायचं ठरवलं, सप्टेंबर 2012 मध्ये, आधी जलसंपदा खातं सांभाळलेल्या उपमुख्यमंत्री अजित पवारांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये ते परत उपमुख्यमंत्री झाले. ज्याचा स्वतःचा कारखाना आणि स्वतःची बँक आहे तो मुख्यमंत्री या दोन ठिकाणी हात घालू शकला असता असं मला खरंच वाटत नाही.

सह्यांचं म्हणाल तर फायली रेंगाळायच्या हे खरं आहे, शरद पवारांनी त्यावर जाहीर टोमणा मारला होता. बाबा प्रत्येक कागद स्वतः वाचायचे. मुंबईतल्या 'आदर्श' सोसायटीच्या घोटाळ्यात आधीचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावं लागलं आणि नोव्हेंबर 2010 मध्ये यांना दिल्लीहून पाठवलं, तेव्हा सावध राहणं समजू शकतं, पण ज्या फायलीत काही काळंबेरं नाही तीही महिनोनमहिने पडून राहिली तर त्याचा त्रास साध्या माणसालाच होतो, आणि ही त्यांची मोठी उणीव होती. आमदारांना तर भेटच मिळत नाही असं वाटायचं. राष्ट्रवादीनं पाठिंबा काढल्यावर 26 सप्टेंबर 2014 ला राजीनामा दिला.

प्रश्न : एवढं सगळं असून 2024 ला हरले कसे? (एक वाचक, मलकापूर)

2014 च्या विधानसभेला कराड दक्षिणमध्ये त्यांनी विलासकाका उंडाळकरांना हरवलं होतं, म्हणजे 1980 पासून सलग सात वेळा निवडून आलेल्या माणसाला, हे सोपं नव्हतं. 2019 लाही राज्यात काँग्रेसची अवस्था बिकट असताना जागा राखली. 2024 ला भाजपचे अतुल भोसले 39 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. राज्यभर महायुतीची लाट होती, लाडकी बहीण होती, हे आहेच. पण भोसल्यांच्या घरात कृष्णा कारखाना आहे, कराडचं कृष्णा हॉस्पिटल आहे. रेठरे, वडगाव, शेणोली बाजूला ऊस घालणारं, कामाला असलेलं किंवा तिथं उपचार घेतलेलं माणूस दर दोन-चार घरांत सापडतं, आणि ते नातं पाच वर्षांतून एकदा नाही, रोज चालू असतं. चव्हाणांकडे असं रोजचं काहीच नव्हतं, गावात माणूस उभा करायचा तर पक्षाची यंत्रणा लागायची आणि काँग्रेसची यंत्रणा तर तोवर खिळखिळी झाली होती.

प्रश्न : जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्याच काळातला ना? (एक वाचक, नाशिक)

हो. कितीतरी वर्षं तो रखडला होता. 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा केला. डॉक्टर हयात असताना व्हायला हवा होता, आणि हे त्याही सरकारला लागू आहे, आधीच्या सगळ्यांनाही.