स्लॅब फोडल्यावर रुपया 'तोच' कसा ठरवायचा?

प्रश्न: विल्यम चौथ्याचा १८३५ चा ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया मी गेल्या वर्षी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून ६२,००० रुपयांना घेतला. स्लॅबवर, म्हणजे ग्रेडिंग कंपनीनं नाणं तपासून सीलबंद केलेल्या प्लास्टिकच्या डबीवर, ग्रेड होती एमएस ६३ (एमएस म्हणजे 'मिंट स्टेट', चलनात न वापरलेलं नाणं). मला तो ६४ चा वाटला, म्हणून स्लॅब फोडून देशातल्याच दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीकडे दिला. तिथून 'क्लीन केलेलं नाणं' (म्हणजे साफ करून मूळ पृष्ठभाग बिघडलेलं) असा शेरा आला, ग्रेडचा आकडाच नाही. व्यापारी म्हणतो, हे माझं नाणंच नव्हे. आता अमेरिकेला पाठवून तिसरं मत घ्यावं म्हणतो. पैसे परत मिळतील का? (एक संग्राहक, सांगली)

उत्तर: आधी ते पाकीट पोस्टात टाकू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. 'तपासून परत येणार आहे' ही सबब चालत नाही. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं, शिवाय दंड. बासष्ट हजारांपायी एवढं मोठं लचांड कशाला?

आता व्यापाऱ्याकडे वळू. ६३ की ६४, हा वाद कोर्टात नेऊ नका. नाण्यांचा दर्जा मोजायच्या सत्तर अंकांच्या शेल्डन पट्टीवरचा एखादा आकडा हे नजरेचं मत असतं, आणि वस्तूच्या किमतीबद्दलचा चुकीचा अंदाज ही वस्तुस्थितीबद्दलची चूक धरायची नाही, असं करार कायद्याच्या कलम २० खालीच लिहून ठेवलं आहे. (खरं सांगा, ६४ आला असता तर वरचा फरक त्याला दिला असतात का?)

नाणं घासलं किंवा रसायनात बुडवलं होतं का, ही मात्र मताची बाब नाही. ते धातूवर दिसतं. मालाचा दर्जा किंवा ग्रेड खोटी सांगणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'ग्रेड' हा शब्दच त्या कलमात आहे. व्यापारी म्हणेल, ग्रेड मी दिली नाही, स्लॅब आला तसा विकला. म्हणून बिल आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं काढा. त्यानं स्वतः 'ओरिजिनल, कधी साफ न केलेलं' असं ठामपणे लिहिलं असेल आणि त्याला तसा आधार नसेल, तर मनात खोट नसली तरी ते करार कायद्याच्या कलम १८ खालचं चुकीचं निवेदन ठरू शकतं. नुसतं 'स्लॅबवर आहे ते बघून घ्या' म्हटलं असेल, तर तुमची बाजू लंगडी.

त्याहून लंगडी आहे ती स्लॅब फोडल्यामुळे. पहिल्या ग्रेडिंग कंपनीची हमी बहुधा नाणं स्लॅबमध्ये असेपर्यंतच असते, त्यामुळे तिच्याकडून फारशी आशा धरू नका. हे तेच नाणं, हे सिद्ध करणं तुमच्यावर आहे. सर्टिफिकेट नंबरावर त्या कंपनीच्या साइटवर फोटो असेल तर तो आजच उतरवून घ्या. विक्रीच्या वेळी व्यापाऱ्यानं पाठवलेले फोटो जपा. राजाच्या गालावरचा एखादा ओरखडा, कडेवरची खोच, टोनिंगचा (काळानुसार धातूवर चढलेल्या रंगछटेचा) डाग दोन्हीकडे जुळला तर व्यापाऱ्याचं 'माझं नव्हेच' टिकायचं नाही. मोबाइलमधला मजकूर दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

पंधरा दिवसांची नोटीस द्या. दाद लागली नाही तर सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. एवढ्या रकमेला फी नाही. मुदत दोन वर्षांची. ती खरेदीच्या तारखेपासून धरून चाला, म्हणजे वाद उरणार नाही. एक अडचण सांगून ठेवतो: नाणी घेऊन नफ्यावर विकण्याचा तुमचा धंदाच असेल तर तुम्ही 'ग्राहक' नाही, मग दिवाणी न्यायालय. छंद असेल तर तसं सरळ लिहा, मात्र तुमच्या खात्यावरचे विक्रीचे व्यवहार समोरचा वकील काढणारच.

फोटो जुळले तर नोटिशीनंतर निम्मे-अधिक पैसे घेऊन नाणं परत करण्याची तडजोड मी तरी स्वीकारेन. आणि फोडलेल्या स्लॅबचे तुकडे आणि आतलं लेबल कचऱ्यात गेलं नसेल, तर आजच पाकिटात घालून तारीख टाकून ठेवा.