हॉर्न वाजत नाही? आधी करंट कुठवर येतोय ते बघा

प्रश्न : मोटरसायकलचा हॉर्न अचानक बंद पडला. नवा आणून बसवला, तरी वाजत नाही. आता काय बदलू?

उत्तर : आता काहीच बदलू नका. हॉर्न मुका झाला की पहिला राग हॉर्नवरच निघतो. दोष मात्र बऱ्याचदा बटणात, वायरीत किंवा फ्यूजमध्ये सापडतो. जुना हॉर्न अजून जवळ असेल तर त्याला दोन वायरी लावून बॅटरीच्या प्लस-मायनसला क्षणभर टेकवा. खणखणीत वाजला, तर तो विनाकारण काढला गेला.

फ्यूज शाबूत असेल तर हॉर्नच्या दोन्ही क्लिपा काढा. चावी चालू करा, बटण दाबू नका. मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसला धरून लाल टोकाने एकेक क्लिप तपासा. एकीवर 12 व्होल्टच्या आसपास दिसले, तर तुमच्या गाडीत बटण अर्थच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून (चॅसीतून) बॅटरीच्या मायनसला जाणाऱ्या बाजूला आहे. म्हणजे हॉर्नला प्लस कायम मिळतो आणि बटण दाबलं की अर्थ जोडला जातो. क्लिपा परत लावा आणि हॉर्नच्या दुसऱ्या, प्लस नसलेल्या टोकापासून एक वायर चॅसीच्या रंग नसलेल्या लोखंडाला टेकवा. वाजला, तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत. इथे घाई करू नका, प्लसचं टोक चॅसीला लागलं की फ्यूज उडतो. दोन्ही क्लिपा कोऱ्या निघाल्या तर बटण दाबून पुन्हा मोजा. काही गाड्यांत बटण प्लसच्या बाजूला असतं.

बटण खोलताना खाली फडकं अंथरा, आतली स्प्रिंग उडून हरवते. पट्ट्यांवर हिरवट-काळा थर दिसेल. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला की बहुतेक वेळा काम होतं.

एक चकवा ध्यानात ठेवा. क्लिपा काढलेल्या असताना मीटर पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो आणि हॉर्न तरी वाजत नाही, असं होतं. वायरीच्या बहुतेक तारा तुटून एखाद-दुसरीच शिल्लक असली तरी मीटरला तेवढी पुरते, हॉर्नला पुरत नाही. म्हणून खरं माप हॉर्न जोडून, बटण दाबून, हॉर्नच्या दोन टोकांवर घ्यायचं. तिथे 8-9 व्होल्ट दिसले आणि त्याच वेळी बॅटरीवर 12 असले, तर मधले व्होल्ट वाटेत कुठेतरी गळतायत.

प्रश्न : गाडी धुतल्यापासून हॉर्न नुसता ‘टक’ करतो.

उत्तर : ‘टक’ ऐकू येतंय म्हणजे करंट पोचतोय. आतला विद्युतचुंबक पातळ पत्र्याचा पडदा ओढतो. पडदा ओढला गेला की आतले पॉइंट उघडतात, करंट तुटतो, पडदा परत येतो. हेच सेकंदाला शेकडो वेळा झालं की आवाज होतो. पाणी किंवा गंज शिरला की ही साखळी पहिल्याच पावलाला अडते. आधी बॅटरी उतरलेली नाही ना ते पाहा आणि हॉर्न नीट वाळू द्या. मग मागचा ॲडजस्टिंग स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून पाहा, दर वेळी बटण अगदी थोडं दाबा. मूळ जागेची खूण आधी करून ठेवा. सीलबंद हॉर्नला हा स्क्रू नसतो, तो बदलावाच लागतो. हॉर्नचं तोंड वर असेल तर पाणी पुन्हा शिरेल. ते खाली वळवा.

प्रश्न : नवा हॉर्न हातात धरला की मोठ्याने वाजतो, गाडीवर बसवला की घोगरा होतो.

उत्तर : तो कशाला तरी टेकलाय. हॉर्न लवचीक पट्टीवर मोकळा लटकला पाहिजे. सोबत आलेली पट्टीच वापरा आणि चारही बाजूंनी बोट फिरेल एवढी जागा ठेवा.

प्रश्न : हँडल वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो. हे धोक्याचं आहे का?

उत्तर : होय, लगेच बघा. हँडलच्या मानेपाशी वायरी रोज वाकतात आणि घासतात. तिथे बटणाच्या वायरीचं आवरण फाटून तांबं चॅसीला लागलं की बटण न दाबता अर्थ मिळतो. त्याच जुडग्यात हेडलाइटच्या आणि इतर प्लसच्या वायरी असतात; उद्या त्यातली एखादी उघडी पडली तर शॉर्ट होईल, आणि रात्री चालत्या गाडीचा दिवा गेला तर जीवावर बेतेल. नुसती टेप गुंडाळून सोडू नका. झिजलेला तुकडा कापून नवा जोडा, वर स्लीव्ह घाला आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून वायर कुठे ताणली जात नाही ना, ते पाहा.

प्रश्न : दोन मोठे हॉर्न लावायचे आहेत. मूळ वायरिंगवरच चालतील का?

उत्तर : नाही. बटणाच्या पट्ट्या जळतील. रिले, म्हणजे बटणाच्या थोड्या करंटने हॉर्नचा मोठा करंट चालू करणारा स्विच, घाला. त्याच्या टोकांवर नंबर असतात: बॅटरीच्या प्लसपासून फ्यूजमधून 30 नंबरला, 87 पासून हॉर्नच्या एका टोकाला (दुसरं टोक चॅसीला), जुन्या हॉर्नच्या दोन वायरी 85 आणि 86 ला.