बोटीला ट्रॅक्टरचं ग्रीस चालेल का?

प्रश्न: मिस्त्रीकाका, माझं खानापूरला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. कारवारला दाजींची पर्यटकांची बोट आहे. इंजिन आत आणि ड्राइव्ह मागच्या फळीबाहेर, स्टर्नड्राइव्ह म्हणतात तसली. पावसाळ्यात बोट वर ओढली की तिचं ग्रीसिंग मीच करावं, असं ते म्हणतात. उसाच्या ट्रॉलीच्या हबला वापरतो त्या निळ्या ग्रीसची बादली माझ्याकडे आहे. तेच भरलं तर चालेल का? एकदाच सांगा की. – एक वाचक, खानापूर

उत्तर: एकदाच सांगायचं तर नको. पण कारणं ऐका, कारण दाजी विचारणारच.

आधी निळ्या रंगाचं डोक्यातून काढा. रंग कंपनी घालते, त्यावरून ग्रीसचा गुण कळत नाही. बादलीवर बघायचं ते घट्ट करणारा साबण कुठला आणि एनएलजीआय नंबर, म्हणजे ग्रीसचा घट्टपणा, किती. नंबर २ बहुतेक ठिकाणी बरोबर असतो, तो तुमच्याकडेही असेल. प्रश्न साबणाचा आहे. साधं लिथियम ग्रीस पाणी थोडंफार सोसतं, खाऱ्या पाण्यात फार दिवस टिकत नाही. सोडियमचं असेल तर पाण्याबरोबर त्याचं दूध होतं, ते बोटीजवळ नेऊच नका. कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस खाऱ्या पाण्याला चांगलं तोंड देतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या बेअरिंगवाल्याकडे विचारा आणि डेटा शीट मागून घ्या. त्यात पाण्याने धुऊन जाण्याच्या चाचणीचा, म्हणजे डी १२६४ चा आकडा असतो; तो जितका कमी तितकं बरं. डेटा शीट दाखवायला कुरकुर करणाऱ्याकडून मी तरी माल घेणार नाही.

आता जागा. मागच्या फळीतून ड्राइव्हचा शाफ्ट ज्यात फिरतो त्या गिम्बल बेअरिंगला बहुधा बाहेरून ग्रीस भरायचं निपल असतं, काही बनावटींत ते सीलबंद येतं आणि निपल नसतंच. निपल असेल तर गनने मोजकंच भरा. जास्त भरलेलं रबरी बेलोच्या, म्हणजे शाफ्टवरच्या घडीदार रबरी नळीच्या, आत फेकलं जातं आणि रबराला त्याचा फायदा काहीच नाही. त्याच बेलोत क्रॉस असतो, तुमच्या पीटीओ शाफ्टला असतो तसाच. त्यालाही निपल असेल तरच भरायचं. इथे पाण्याला टिकणारं, भार सोसणारं ईपी ग्रीस हवं.

खरी भानगड कपलिंगच्या स्प्लाइनची, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या लांब दात्यांची. ड्राइव्हचा शाफ्ट इंजिनाच्या कपलिंगमध्ये जिथे बसतो, तिथे दाते सतत बारीक घासत असतात. साधं ग्रीस फिरण्याच्या जोराने उडून जातं, मग लालसर भुकटी पडते आणि दाते झिजतात. दाते गेले की कपलिंग बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. बोटीची इंजिनं बनवणारे मर्क्युरीवाले या स्प्लाइनसाठी वेगळं, चिकटून राहणारं कपलर ग्रीस विकतात, ते उगाच नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घ्या, इथे शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊ नका. आणि ड्राइव्ह परत चढवण्याआधी अलाइनमेंट बार, म्हणजे इंजिन बेअरिंगच्या सरळ रेषेत आहे का ते बघायचा दांडा, घालून बघा. तो हाताने सहज आत गेला नाही, तर कितीही भारी ग्रीस लावा, दाते जाणारच.

पंख्याच्या शाफ्टवर टेफ्लॉनवालं मरीन ग्रीस. नाहीतर पुढच्या वर्षी पंखा निघणार नाही आणि तुम्ही हातोडा घेऊन बसाल. ग्रॅफाइट किंवा तांब्याची पेस्ट इथे नको. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियमशेजारी ती बसली की अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

जुनं ग्रीस कुठलं होतं ते माहीत नसेल, तर जिथे हात पोचतो तिथे पुसून साफ करूनच नवीन भरा. पॉलियुरियाचं किंवा मातीच्या बेसचं ग्रीस लिथियमच्या ग्रीसमध्ये मिसळलं, तर दोन्ही चांगली असूनही पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. आणि जुनं ग्रीस पांढुरकं दिसलं, तर पाणी शिरलंय असं समजा आणि आधी बेलो तपासा. तिथे चीर असेल तर ग्रीसचा विषय नंतर.

प्रश्न: २०१९ च्या कृष्णेच्या पुरानंतर आमच्या मंडळाने आउटबोर्ड इंजिनाची रबरी बोट घेतली. तिलाही हीच ग्रीसं लागतात का? – एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर: तिला गिम्बल नाही, ते कपलिंगही नाही. पंख्याचा शाफ्ट, स्टिअरिंग आणि इंजिन वर उचलण्याच्या पिना एवढ्याला मरीन ग्रीस पुरतं. पण तुमची बोट वर्षभर शेडमध्ये पडून असते ना? मग मे महिन्यात पंखा एकदा काढून शाफ्टला ग्रीस लावा आणि खालच्या गिअरकेसचं तेल तपासा. ते दुधासारखं दिसलं तर सील गेलंय, जूनच्या आत बदलून घ्या.