मुलाच्या टेनिससाठी स्पेनला जायचं का? नाशिकच्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा १५ वर्षांचा आहे, जे६० स्पर्धांत (ज्युनियरांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतली खालची पातळी) उपांत्य फेरीपर्यंत पोचतोय, नाशिकमध्ये त्याच्या तोडीचं कुणी उरलेलं नाही आणि बार्सिलोनाजवळच्या एका अकादमीने जागा देऊ केलीय. तुम्ही त्याला घेऊन जावं आणि मिस्टरांनी नोकरी सांभाळत मागे राहावं, असा विचार चाललाय. व्हिसाचे प्रकार, खात्यात किती पैसे दाखवायचे, विमा कुठला, हे सगळं वकिलातीच्या पानावर मिळेल. ते मी लिहीत नाही. खरं तर काहीच लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आम्ही नेमकं हेच केलं. मुलगा १४ चा असताना पुणं सोडलं, नवरा तिकडे, मी इकडे. मुलगा आता १९ चा आहे. म्हणून राहवलं नाही.

मुलगा स्पेनमध्ये सुधारतो का? सुधारतो. लाल मातीवर चेंडू परत येतच राहतो. पुण्याच्या हार्ड कोर्टवर दोन फटक्यांत संपणारा पॉइंट इथे संपता संपत नाही, त्यामुळे पायही तयार होतात आणि डोकंही. शेजारच्या कोर्टवर जागतिक क्रमवारीतला एखादा माणूस सराव करत असतो, त्याच्याशी सेट खेळायला मिळतो. रेल्वेने किंवा गाडीने जाता येईल अशी स्पर्धा वर्षभर कुठे ना कुठे असते. फी भरायची ती अशा सरावाची आणि या स्पर्धांची. जिम, व्हिडिओ विश्लेषण, मनाची तयारी वगैरे माहितीपत्रकात छान दिसतं.

अकादमीवाले जे सांगत नाहीत ते १८ नंतरचं. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण त्यांची बहुतेक कमाई १८ पर्यंतच्या मुलांवर असते. ज्युनियरमध्ये समोरचा आपल्याच वयाचा असतो, त्याचाही खर्च त्याचे आईबाप करत असतात आणि हरला तरी सोमवारी शाळा असते. एम१५ मध्ये, म्हणजे व्यावसायिक पुरुषांच्या सर्वांत खालच्या स्पर्धेत, समोर २६-२७ वर्षांचा माणूस येतो आणि त्याला त्या महिन्याचं भाडं काढायचं असतं. आमच्या मुलाला मुख्य फेरीत पहिल्यांदा ज्याने हरवलं तो काही जोरात मारत नव्हता. फुकट काही देत मात्र नव्हता. गॅलरीत बसून माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं आपण ज्या खेळाचे पैसे भरले तो हा नव्हेच.

आकडेच बघा. एम१५ म्हणजे अख्ख्या स्पर्धेची बक्षीस रक्कम १५,००० डॉलर. त्यातले विजेत्याला २,१६० आणि एटीपीचे (पुरुषांच्या जागतिक क्रमवारीचे) १५ गुण, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर, पात्रता फेरीत हरणाऱ्याला शून्य. १५६ डॉलरमध्ये हॉटेलच्या दोन रात्री निघाल्या तर नशीब. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानेच २०१३ च्या आकड्यांवरून हिशोब मांडला होता: पुरुषांत साधारण ३३६ व्या आणि महिलांत २५३ व्या क्रमांकाला खर्च-मिळकतीची तोंडमिळवणी होते. आणि त्यात प्रशिक्षकाचा खर्च धरलेलाच नव्हता.

ज्युनियरमधलं नाव पुढे चालतंच असं नाही. युकी भांब्री २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनियर विजेता होता. एकेरीत तो सर्वांत वर गेला तो ८३ व्या क्रमांकापर्यंत, तोही २०१८ मध्ये. सुमित नागल २०१५ मध्ये विम्बल्डनच्या ज्युनियर दुहेरीत जिंकला आणि एकेरीत पहिल्या शंभरात आला २०२४ च्या फेब्रुवारीत. त्याच्या काही महिने आधी, भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना, बँकेत ९०० युरो उरलेत असं त्याने जाहीरपणे सांगितलं होतं. ज्युनियर क्रमवारीत वर्षअखेरीस पहिल्या विसात असलेल्या मुलांसाठी चॅलेंजर स्पर्धांत (एम१५ च्या बऱ्याच वरची पातळी) जागा राखीव असतात. जे६० वाल्या आपल्या मुलांना मात्र एम१५ च्या पात्रता फेरीपासूनच सुरुवात करावी लागते.

म्हणून पैशाबद्दल एकच सांगते. खरा खर्च १८ ते २२ या वर्षांत येतो, आणि आपण सगळे १४ ते १८ मध्येच रिकामे होतो. फ्लॅट विकायचा असेल तर तो कुठल्या वर्षासाठी विकताय हे आधी ठरवा.

कागदपत्रांचा वैताग वेगळाच. इथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात आणि प्रत्येक अर्जात दोन रकाने. आपलं मधलं नाव वडिलांचं. एका कचेरीने नवऱ्याचं नाव मुलाचं पहिलं आडनाव म्हणून टाकलं, दुसरीने ते गाळलं. मग मुलाच्या ओळखपत्रावरचं नाव एक, महासंघाच्या आयपिनवरचं (खेळाडूच्या नोंदणीवरचं) दुसरं, क्लब-लीगच्या परवान्यावरचं तिसरं. वर माझं आणि नवऱ्याचं आडनाव एकच कसं, तुम्ही नात्यात लग्न केलंत का, असं खिडकीवरच्या बाईंनी अगदी सहानुभूतीने विचारलं. इकडे लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत. जन्मदाखला, विवाहदाखला, पासपोर्ट या तिन्हीवर एकच स्पेलिंग आहे का ते नाशिकमध्येच तपासा. अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, त्यानंतर. वडिलांचं संमतिपत्र नोटरी करून जास्त प्रती आणा, कारण मुलगा सज्ञान होईपर्यंत ते कोण कधी मागेल सांगता येत नाही. बँकेतही आधीच बोलून ठेवा. अकादमीची फी शिक्षणाच्या खात्यात बसते की नाही यावर आमच्या बँकेच्या दोन शाखांची दोन मतं होती आणि टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक घेते तो कर, त्या मतावर ठरतो.

आता शाळा. याबद्दल शांतपणे लिहायला मला अजून जमत नाही. निघण्यापूर्वी मुलाला स्पॅनिशचा क्लास लावला होता, चांगलं बोलायला लागला होता. कॅटलोनियात सरकारी शाळेचं माध्यम कॅटलान आहे. मला माहीत होतं, पण 'मुलं पटकन शिकतात' असं सगळे म्हणत होते, अकादमीसुद्धा. शाळेने भाषा येत नाही म्हणून त्याला एक वर्ष खाली बसवलं. हा मुलगा पुण्यात भूमितीत पैकीच्या पैकी आणायचा, आणि इथे त्याला दोन वर्षांपूर्वी झालेली समीकरणं सोडवायला दिली. मी वह्या घेऊन गेले, मार्कशीटची अधिकृत भाषांतरं घेऊन गेले. शाळेतल्या बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, त्याला स्थिरावू द्या. दुपारी प्रशिक्षण, त्यामुळे ज्या वर्गात कॅटलान जादा शिकवत तोच बुडायचा. शेवटी शाळा सोडून ऑनलाइन अमेरिकन शाळा घेतली, तिची फी वेगळी.

हे एक वर्ष एवढं का सलतं? अमेरिकन कॉलेज टेनिससाठी. अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला खेळला, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला, आणि दोघंही नंतर व्यावसायिक टेनिस खेळले. १८ ते २२ ही महागडी वर्षं तिथे शिष्यवृत्तीवर निघू शकतात, खेळही परिपक्व होतो. पण डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटाला, नववी ते बारावीचे १६ ठरावीक विषय मोजतात, आणि शाळा संपवून फार काळ सर्किटवर घालवला तर पात्रतेची वर्षं जातात. आमच्या मुलाची शाळा तीन तुकड्यांत झाली. विषय जुळवता जुळवता तो म्हणाला, आई, सोड, मला प्रोच खेळायचंय. त्याला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. अजूनही कुणी बारावीचा निकाल कळवला की मी अभिनंदन लिहून फोन उलटा ठेवते.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. मराठी मंडळ आहे, गणपती होतो, ज्वारीचं पीठ मिळतं. भाषा शिका आणि सकाळी घराबाहेर पडा, भागतं.

एक गोष्ट मात्र मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही, तुम्हाला सांगते, कारण तुम्ही ओळखीच्या नाही. मुलगा पात्रता फेरीत तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये असतो आणि माझ्या मनात कुठेतरी येतं: हरला तर बरं, मग परत जाता येईल. लगेच स्वतःचीच लाज वाटते आणि मी जास्त जोरात टाळ्या वाजवते. जिंकला की आनंदही खराच असतो. असं वाटणं तुमच्या वाट्याला येईलच असं नाही. पण घर हलवलेली आई नुसती मॅच बघू शकत नाही, प्रत्येक ब्रेक पॉइंटवर तिचा स्वतःचाही हिशोब चालू असतो. मुलाला ते कळतं. आमच्याला कळतं, म्हणून आता तो म्हणतो तू येऊ नकोस, स्कोअर फोनवर बघ.

तर माझं मत: या वर्षी घर हलवू नका. शेंगेन व्हिसाच्या ९० दिवसांत बसेल असा एक उन्हाळा इथे काढा, तोही शाळा न बुडवता. बारावीपर्यंत शाळा एकच ठेवा, कुठलीही असो. पुण्यात चांगले प्रशिक्षक आहेत, नाशिकहून पुणं ही तितकी मोठी उडी नाही. मानस धामणेसारखी इटलीत तयार होणारी मुलं आहेत, पण त्याला २०२३ मध्ये, १५ व्या वर्षी, बालेवाडीच्या एटीपी स्पर्धेच्या मुख्य फेरीत वाइल्ड कार्ड (आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश) मिळालं होतं. तुमचा मुलगा त्या जागी असेल तर माझं सगळं विसरा आणि या.

यायचंच ठरलं तर अकादमीचं फी-पत्रक मला पाठवा. स्पर्धेला प्रशिक्षक सोबत येतो त्याचे पैसे आठवड्याच्या हिशोबाने वेगळे लावलेत का, त्याचं तिकीट आणि खोली किती मुलांत वाटली जाते आणि दुखापतीत फी थांबते का, हे तीन मुद्दे बहुतेक पत्रकांत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतात. सही करण्याआधी तेवढं आपण दोघी बसून वाचू.