खेळाच्या तासाची सूट

प्रश्न : आमच्या मुलीला सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग (एएलएल) झाला होता. अडीच वर्षं उपचार चालले. आता ती १३ वर्षांची आहे. रक्ताचे रिपोर्ट चांगले येतात, पण वजन वाढलं आहे, जिना चढली की धाप लागते, शाळेतून आली की आडवी होते. आजार उलटू नये म्हणून तिला काय खायला द्यावं? प्रतिकारशक्तीच्या पावडरी द्याव्यात का? शाळेत आम्ही तिच्यासाठी खेळाच्या तासातून कायमची सूट घेतली आहे, ते योग्यच ना? (पत्राच्या तळाशी वेगळ्या पेनाने : 'मला बास्केटबॉल खेळायचंय.')
– एक वडील

उत्तर : ती सूट रद्द करायची आहे. मात्र उद्याच नको, आधी जुनी फाइल काढा.

त्यात उपचारांचा सारांश नसेल तर तिच्या डॉक्टरांकडून मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. त्यात डॉनोरुबिसिन आणि डॉक्सोरुबिसिन ही नावं शोधा. केमोची ही औषधं लाल रंगाची असतात, तुम्हाला ती आठवतही असतील. हृदयाच्या स्नायूवरचा त्यांचा परिणाम कधी कधी बऱ्याच वर्षांनी दिसतो. त्यामुळे एकूण डोस किती झाला, हा आकडा महत्त्वाचा. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे २५० मिलिग्रॅम किंवा जास्त झाला असेल तर साधारण दर दोन वर्षांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. डोस कमी असेल तर दोन तपासण्यांमधलं अंतर जास्त ठेवता येतं. पण धाप लागते म्हणताय, म्हणून तिचा इको आत्ताच करून घ्या. तो चांगला आला की बास्केटबॉलला माझी हरकत नाही. इकोत काही निघालं तरी 'बसून राहा' असा त्याचा अर्थ होत नाही. काय करायचं आणि काय टाळायचं (उदाहरणार्थ, श्वास रोखून जड वजन उचलणं) हे हृदयरोगतज्ज्ञ सांगतील.

थकव्यासाठी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहून घ्या. डोक्याला किंवा मानेला रेडिएशन दिलं असेल तर थायरॉइड विसरूच नका. हे सगळं ठीक निघालं, तर माझा संशय खेळाच्या तासाच्या त्या सवलतीवरच आहे. उपचारात अशक्त झालेले स्नायू वापरलेच नाहीत तर थोड्याशा श्रमानेही दम लागतो. मग मूल आणखी बसतं आणि आई-बाबा म्हणतात, 'बघा, झेपत नाही.' माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी टाचांवर चालून दाखवायला सांगते. विन्क्रिस्टिन या केमोच्या औषधामुळे पायांच्या नसा दुखावल्या असतील तर पावलाचा पुढचा भाग नीट उचलला जात नाही. घरी करून पाहा. जमलं नाही तर आधी फिजिओथेरपिस्टकडे जा, बॉल नंतर.

सुरुवात दहा मिनिटांच्या चालण्याने करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. या वयाच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते. तिथे पोहोचायला काही महिने लागले तरी चालेल. उपचारांतल्या स्टिरॉइड आणि मेथोट्रेक्झेटमुळे हाडं ठिसूळ होऊ शकतात आणि हाडांना उड्या मारणं मानवतं. म्हणजे लेकीने खेळ चांगला निवडलाय!

आता खाण्याचं. एएलएल परत येणं थांबवणारा कुठलाही पदार्थ सिद्ध झालेला नाही. उपचार संपून चार वर्षं झाल्यावर तो उलटण्याची शक्यता तशीही खूप कमी असते. यापुढे जपायचं ते हृदय, हाडं आणि वजन. त्या पावडरी आणू नका.

स्टिरॉइडच्या दिवसांत ही मुलं रात्री-अपरात्री उठून खायला मागतात आणि एरवी केमोत एक घासही घेत नाहीत. त्यामुळे 'काहीतरी खातंय ना' यातच घर खूश असतं. मागेल ते, मागेल तेव्हा. औषधं थांबतात, पण घराची ती सवय थांबत नाही. अशा पालकांना मी रागावू शकत नाही, पण तिच्यासाठीचं खास ताट आता बंद करा. दूध किंवा दही, डाळी, अंडी, भाज्या, फळं हे सगळ्यांनीच खायचं. गोड पेयं घरात आणायचीच नाहीत, कुणासाठीच. ड जीवनसत्त्व तपासून, कमी असेल तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या. उपाशी ठेवणं, रोज वजनकाट्यावर उभं करणं नको. तिची उंची अजून वाढत असेल तर बऱ्याचदा वजन आहे तिथे थांबलं तरी पुरतं. उंचीच वाढत नसेल, तर ते मात्र डॉक्टरांना सांगा.

आणि पत्राच्या तळाशी लिहिणाऱ्या मुली, तुझ्यासाठी एकच काम. जांघेत, खुब्यात किंवा गुडघ्यात दुखायला लागलं आणि ते आठवडाभर टिकलं, तर 'खेळ बंद होईल' म्हणून लपवू नकोस. स्टिरॉइडमुळे कधी कधी हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा कमी होतो. ते लवकर कळलं तर सांधा वाचवायला जास्त वाव असतो. इकोचा रिपोर्ट आला की खेळाच्या शिक्षकांसाठी चिठ्ठी मागून घे. त्यात 'दमल्यावर स्वतःहून थांबण्याची मुभा द्यावी' एवढं एक वाक्य असू दे.