वाचकांचे प्रश्न : लोकलची नवी मार्गिका नेमकी कुठे अडते?

मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या रखडलेल्या विस्ताराबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत.

सीएसएमटी–कुर्ला पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली. तेव्हा शाळेत जाणारी मुलं आता नोकरीला लागली. रूळ टाकायला इतकी वर्षं लागतात?
– एक वाचक, बदलापूर

रूळ टाकणं हा या कामातला सगळ्यांत सोपा भाग आहे. वेळ जातो तो रुळांखालची जागा मोकळी होण्यात.

कल्याणपासून कुर्ल्यापर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्यांना आता रुळांची स्वतंत्र जोडी आहे, तीच पाचवी-सहावी मार्गिका. कुर्ल्याच्या पुढे मात्र सीएसएमटीला जाणाऱ्या मेल-एक्सप्रेस लोकलच्या जलद मार्गावर येतात. तिथे एक गाडी लटकली की मागच्या जलद लोकल रांगेत उभ्या राहतात. म्हणून हा तुकडा महत्त्वाचा, आणि नेमका हाच शहराच्या सर्वांत दाट वस्तीतून जातो.

शीवचा ब्रिटिशकालीन उड्डाणपूल घ्या. त्याच्या गाळ्यांतून आणखी दोन रूळ जाण्याइतकी जागा नव्हती, म्हणून पूल पाडून रुंद गाळ्याचा नवा बांधणं भाग होतं. पूल बंद करण्याच्या तारखा अनेकदा पुढे गेल्या आणि अखेर १ ऑगस्ट २०२४ पासून त्यावरची वाहतूक थांबली. मंजुरी २००८ची, पूल बंद झाला २०२४ मध्ये. शिवाय अशा पुलाचा रुळांवरचा भाग रेल्वे बांधते आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते महापालिका. एकाचं काम पुढे आणि दुसऱ्याचं मागे राहिलं तर पूल असून नसल्यासारखा. कुर्ल्यातही तसंच आहे : हार्बरचे फलाट उचलून वर नेल्याशिवाय खाली नव्या मार्गिकांना जागा होत नाही.

ही मार्गिका एमयूटीपी, म्हणजे मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा भाग आहे. एमयूटीपीचं बांधकाम मुंबई रेल्वे विकास महामंडळ, म्हणजे एमआरव्हीसी पाहते. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीत रेल्वे मंत्रालयाचा ५१ टक्के आणि राज्य सरकारचा ४९ टक्के हिस्सा आहे. बाधित कुटुंबांचं पुनर्वसन राज्याच्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे असतं. भूसंपादनात महसूल यंत्रणा येते. जलवाहिन्या, गटारं आणि केबल हटवायच्या तर त्या ज्याच्या त्याच्याकडून परवानगी लागते. यात प्रत्येकाकडे ‘आमच्याकडून काही बाकी नाही’ म्हणण्याची सोय आहे. म्हणून ‘मार्गिका कधी होणार?’ या प्रश्नाला कधीच धड उत्तर मिळत नाही. ‘अमुक पुलाचा अमुक खांब कोणाच्या परवानगीसाठी थांबला आहे आणि पत्र कोणत्या तारखेला गेलं?’ असं विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं.

पनवेल–कर्जत मार्गाचं काम जवळपास पूर्ण झाल्याच्या बातम्या वर्षभर वाचतो आहोत. मग लोकल का धावत नाही?
– एक वाचक, चौक

बातमीतली टक्केवारी बहुतेक वेळा भौतिक प्रगतीची असते आणि ती कामाच्या किमतीच्या प्रमाणात मोजली जाते. या मार्गाची लांबी साधारण ३० किलोमीटर, त्यात तीन बोगदे, सर्वांत लांब वावर्ले बोगदा २,६२५ मीटरचा. बोगदे, भराव, पूल ही महागडी कामं आधी होतात. त्यामुळे आकडा नव्वदीपर्यंत भराभर चढतो आणि तिथे रेंगाळतो.

उरलेल्या भागात सिग्नल यंत्रणा, ओव्हरहेड वायर, वीज उपकेंद्रं आणि दोन्ही टोकांची जोडणी येते. किमतीत हे थोडं दिसतं, पण ते एकमेकांवर अवलंबून असतं, एकाच वेळी उरकता येत नाही. जोडणीसाठी चालू स्थानकातली सिग्नल यंत्रणा काही काळ बंद ठेवून नव्या आराखड्यानुसार बदलावी लागते. त्याला नॉन-इंटरलॉकिंगचं काम म्हणतात आणि त्यासाठी मोठा ब्लॉक, म्हणजे वाहतूक बंद ठेवण्याची सलग वेळ, मिळावा लागतो. ठाणे–दिवा मार्गिकांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये सलग ७२ तासांचा ब्लॉक घेतला होता. परीक्षा, सण, पावसाळा यांतून अशी तारीख काढावी लागते. एक तारीख हुकली की पुढची कित्येकदा काही महिन्यांनी येते.

शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात आणि रेल्वे कायदा १९८९ नुसार त्यांच्या तपासणीशिवाय नव्या मार्गावरून प्रवासी नेता येत नाहीत. ही पायरी घाईने उरकावी अशी मागणी कोणी करू नये. मागणी करायची ती तपासणीसाठी अर्ज कधी गेला, आयुक्तांनी कोणत्या त्रुटी काढल्या आणि त्या कधी दूर झाल्या, हे जाहीर करण्याची.

ठाणे–दिवा पाचवी-सहावी सुरू होऊनही गर्दी तशीच आहे. मग उपयोग काय झाला?
– एक वाचक, डोंबिवली

उपयोग झाला. मेल-एक्सप्रेस वेगळ्या झाल्या आणि तेव्हा ३६ लोकल फेऱ्या वाढवल्या गेल्या. पण त्यांतल्या ३४ वातानुकूलित होत्या, त्यामुळे साध्या तिकिटाच्या प्रवाशाला फरक फारसा जाणवला नाही. हा धोरणाचा निर्णय होता, अभियांत्रिकीचा नाही. त्याचा जाब वेगळा मागायला हवा.

फेऱ्या वाढायला मार्गिकेखेरीज चार गोष्टी लागतात : गाड्या, रात्री त्या उभ्या करायला जागा, मोटरमन-गार्ड, आणि शेवटच्या स्थानकावर मोकळा फलाट. यांपैकी एक जरी कमी पडली तरी वेळापत्रक हलत नाही. नव्या मार्गिकेचं उद्घाटन होतं तेव्हाच ‘पुढच्या वेळापत्रकात गर्दीच्या वेळी किती साध्या फेऱ्या?’ हे लेखी विचारून ठेवा.

विरार–डहाणू चौपदरीकरणात खारफुटीचं कारण सांगतात. हे खरं कारण की सबब?
– एक वाचक, पालघर

कारण खरं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानुसार खारफुटी तोडायची तर काम सार्वजनिक हिताचं असल्याचं न्यायालयाला पटवून परवानगी घ्यावी लागते. त्याआधी वन आणि किनारा नियमन यंत्रणांच्या मंजुऱ्या. पण खाडी आणि खारफुटी सर्वेक्षणाच्या पहिल्या दिवसापासून तिथेच होती. त्यामुळे जबाबदारी तपासताना मंजुरी कधी मिळाली यापेक्षा अर्ज कधी केला, ती तारीख पाहा. प्रकल्प मंजूर झाला डिसेंबर २०१६ मध्ये. तिथून अर्जापर्यंतचा काळ हा खरा हिशेबाचा विषय.

माहिती अधिकारात अर्ज केला की ‘काम प्रगतिपथावर आहे’ एवढंच उत्तर येतं. अर्ज कसा लिहावा?
– एक वाचक, कळवा

‘विलंब का झाला?’ असं विचारू नका. माहिती अधिकारी कार्यालयात असलेला कागद देण्यास बांधील आहे, कारणमीमांसा लिहून देण्यास नाही. म्हणून कागद मागा. एमआरव्हीसीसाठी अर्ज केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो, शुल्क १० रुपये. मागायचे कागद असे :

‘अमुक कामाच्या प्रत्येक कंत्राटाचा कार्यादेश, मूळ पूर्णत्वाची तारीख आणि आजवर दिलेल्या सर्व मुदतवाढींच्या पत्रांच्या प्रती, कलमासह.’ यातला ‘कलमासह’ हा शब्द गाळू नका. रेल्वेच्या सर्वसाधारण कंत्राट अटींवर दिलेल्या कामांत कंत्राटदाराची चूक नसताना मिळणारी मुदतवाढ कलम १७-अ खाली असते, रेल्वेने जागा किंवा नकाशे वेळेवर दिले नाहीत तर तीही यातच. कंत्राटदारामुळे झालेला उशीर १७-ब खाली येतो आणि तिथे भरपाई वसुलीचा प्रश्न येतो. कोणाच्या चुकीने किती महिने गेले याची कबुली त्या पत्रातच असते. १७-अ ची रांग लागली असेल तर जागा हाती नसताना कंत्राट दिलं होतं का, हा पुढचा प्रश्न. किंमतवाढ कलमाखाली दिलेली जादा रक्कमही विचारा.

दुसरा कागद : ताजा मासिक प्रगती अहवाल. तिसरा : राज्य सरकार, एमएमआरडीए आणि महापालिकेसोबतच्या मागच्या तीन समन्वय बैठकांची इतिवृत्तं. कोणी काय कबूल केलं आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते तिथे लिहिलेलं असतं. एवढं करूनही त्रोटक उत्तर आलं तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) खाली फाइल प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करा. केंद्रीय नियमांत पहिला तास मोफत आहे.

एमएमआरडीए किंवा महापालिकेसाठी वेगळा अर्ज करा. राज्याच्या नियमांत अर्ज साधारणपणे १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. केंद्राकडे त्याला शुल्क नाही, राज्यात २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील : एमआरव्हीसीचं केंद्रीय माहिती आयोगाकडे, राज्याच्या संस्थांचं राज्य आयोगाकडे. पुष्कळ चांगले अर्ज चुकीच्या आयोगाकडे जाऊन वाया जातात.

पैसे खरोखर मिळतात का, हे सामान्य माणसाला कसं कळणार? आणि खासदाराकडे जावं की आमदाराकडे?
– एक वाचक, आसनगाव

दरवर्षी अर्थसंकल्पासोबत रेल्वेचं ‘पिंक बुक’ निघतं आणि ते रेल्वेच्या संकेतस्थळावर मिळतं. आपल्या झोनच्या, म्हणजे मध्य किंवा पश्चिम रेल्वेच्या पुस्तकात कामाच्या नावापुढे अंदाजित खर्च, आजवरचा खर्च आणि या वर्षीची तरतूद असते. आकडे हजारांत असतात, हे विसरू नका. तरतुदीच्या रकान्यात नुसता ‘१’ दिसला तर त्या कामाला त्या वर्षी १,००० रुपये दिले आहेत, म्हणजे काम फक्त यादीत जिवंत ठेवलं आहे. एमयूटीपी ‘महानगर परिवहन प्रकल्प’ या शीर्षाखाली शोधा. त्यात राज्याचाही वाटा असल्याने राज्याच्या अर्थसंकल्पातली तरतूद आणि प्रत्यक्षात वितरित झालेली रक्कम वेगळी पाहावी लागते.

खासदारांना संसदेत प्रश्न विचारायला सांगा. अतारांकित प्रश्नाचं लेखी उत्तरही पुरे, ते कायमचं नोंदीत राहतं आणि मागच्या उत्तरातल्या तारखेशी ताडून पाहता येतं. आमदारांकडे राज्याचा वाटा, पुनर्वसन आणि पोहोचरस्ते हे विषय न्या. दोघांनाही निवेदन देताना एका पानात एकच काम, त्याची मूळ तारीख, आताची तारीख आणि माहिती अधिकारात मिळालेल्या मुदतवाढीच्या पत्राची प्रत जोडा.