समतोल कोणत्या बाजूला सरकेल, हे नेमकं ओळखायचं कसं?

तुम्ही विचारलंय की ल शातेलिएचं तत्त्व तोंडपाठ आहे, तरी ‘आरगॉन घातला तर काय?’ किंवा ‘द्रावणात पाणी घातलं तर काय?’ अशा प्रश्नांत उत्तर चुकतं. शिवाय अमोनिया तयार होताना उष्णता बाहेर पडते, मग कारखाने ती अभिक्रिया ४५० अंशांच्या आसपास का चालवतात, हे पटत नाही.

माझ्या मते चुकीचं मूळ त्या पाठ केलेल्या वाक्यातच आहे. ‘बदल केला की समतोल त्या बदलाला विरोध करतो’ एवढं म्हटल्यावर नेमक्या कोणत्या बदलाला, आणि किती विरोध, हे कळतच नाही. दाब वाढला म्हणजे एकूण दाब की एखाद्या वायूचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्या एका वायूचा वाटा? पाणी घातलं तर ‘बदल’ कोणता धरायचा? १८८४ साली मांडलेलं हे तत्त्व झटपट अंदाजाला चांगलं आहे, पण अडलात की दोन संख्यांकडे वळा.

पहिली संख्या के, म्हणजे समतोल स्थिरांक. दुसरी क्यू. दोन्हींचं सूत्र एकच: उत्पादितांच्या संहतींचा (ठरावीक आकारमानात पदार्थ किती, त्याचा) गुणाकार भागिले अभिक्रियाकारकांच्या संहतींचा गुणाकार, आणि समीकरणात ज्या पदार्थाला जो सहगुणक आहे तोच त्याचा घातांक. वायू असतील तर संहतीऐवजी आंशिक दाब घेतले तरी चालतात. क्यू हे पात्रातल्या आत्ताच्या आकड्यांवरून काढायचं. समतोल साधला असताना त्याची जी किंमत येते ती के. क्यू के पेक्षा लहान असेल तर अभिक्रिया पुढे जाते, मोठं असेल तर मागे येते, दोन्ही सारखे असतील तर काहीही सरकत नाही. ‘काही सरकत नाही’ म्हणजे अभिक्रिया थांबली असं मात्र नाही. पुढची आणि मागची अभिक्रिया सारख्याच वेगाने चालू असतात. आणि समतोल म्हणजे दोन्ही बाजूंना निम्मं-निम्मं, हा समजही काढून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं: के फक्त तापमानाने बदलतं. दाब, आकारमान, संहती, पाणी, आरगॉन हे सगळे फार तर क्यू बदलतात. उत्प्रेरक तर दोन्हींना हात लावत नाही. तो पुढचा आणि मागचा वेग सारख्याच पटीत वाढवतो, त्यामुळे समतोल लवकर गाठला जातो, इतकंच.

आकड्यांत पाहू. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड हा रंगहीन वायू, त्याच्या एका रेणूतून तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात. २५ अंश सेल्सिअसला, दाब बारमध्ये मोजले तर के सुमारे ०.१५. एकूण दाब १ बार असेल तर समतोलात तपकिरी वायूचा आंशिक दाब ०.३२ आणि रंगहीनाचा ०.६८ येतो. ०.३२ चा वर्ग भागिले ०.६८, म्हणजे ०.१५, ताळा जमला. आता दट्ट्या दाबून आकारमान झटकन निम्मं करा. त्या क्षणी आंशिक दाब दुप्पट होतात, ०.६४ आणि १.३६, आणि क्यू होतं ०.३०. के ०.१५ च आहे. म्हणजे अभिक्रिया मागे येणार, तपकिरी रेणू जोडीजोडीने एकत्र येणार. गणित सोडवलं की नवे आकडे मिळतात: तपकिरी ०.४७, रंगहीन १.४५.

या तीन टप्प्यांकडे नीट बघा. तपकिरी वायू ०.३२ वरून ०.६४ वर गेला आणि ०.४७ वर स्थिरावला. ‘दाबल्यावर रंग फिका होतो’ असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, ते अर्धंच खरं आहे. बाजूने पाहिलं तर रंग आधी एकदम गडद होतो, मग थोडा उतरतो, पण मूळच्यापेक्षा गडदच राहतो. एकूण दाबही १ वरून २ बार आणि मग १.९२ च्या जवळ. विरोध झाला तो एवढाच. बदल पुरता पुसला जातो असं धरून चालणारे इथेच फसतात. (हा वायू फुप्फुसांना अतिशय घातक आहे. तो सीलबंद नळीतच पाहावा, स्वतः तयार करून सिरिंजमध्ये भरू नये.)

दोन्ही बाजूंना वायूंचे रेणू सारखेच असतील, उदाहरणार्थ हायड्रोजन आणि आयोडीनची वाफ मिळून हायड्रोजन आयोडाइडचे दोन रेणू, तर दाबल्याने वरचा आणि खालचा गुणाकार सारख्याच पटीत वाढतो. क्यू जिथल्या तिथे.

आरगॉनच्या प्रश्नाचं उत्तर एका अटीवर अवलंबून आहे, आणि ती अट दिलेली नसेल तर तो प्रश्नच अपुरा आहे. पात्र कडक असेल, म्हणजे आकारमान कायम असेल, तर आरगॉनने एकूण दाब वाढतो, पण बाकीच्या वायूंचे आंशिक दाब तेवढेच राहतात. क्यू बदललं नाही, समतोल हलला नाही. दाब कायम ठेवला असेल, म्हणजे दट्ट्या मोकळा असेल, तर आरगॉनला जागा देण्यासाठी आकारमान वाढतं आणि बाकी सगळ्यांचे आंशिक दाब उतरतात. हे वायू विरळ करण्यासारखंच झालं. समतोल जास्त रेणूंच्या बाजूला जातो.

द्रावणात पाणी घालणं हाच प्रकार. फेरिक आयन आणि थायोसायनेट आयन मिळून रक्तासारखा लाल संयुक्त आयन होतो: डावीकडे दोन कण, उजवीकडे एक. दहापट पाणी केलं की तिन्ही संहती दहाव्या हिश्श्यावर येतात, पण सूत्रात खाली दोन आणि वर एकच असल्यामुळे क्यू दहापट वाढतं. लाल आयन तुटू लागतो. म्हणून रंग नुसत्या पातळपणाने उतरेल त्याहून जास्त उतरतो. इथे पाणी द्रावक आहे, त्याची संहती सूत्रात घेत नाहीत. शुद्ध घनही घेत नाहीत. बंद भट्टीत चुनखडी, कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड समतोलात असतील तर आणखी चुनखडी टाकून काहीही होत नाही, कारण सूत्रात फक्त कार्बन डायऑक्साइडचा दाब आहे. तो दाब १ वातावरण इतका व्हायला सुमारे ९०० अंश सेल्सिअस लागतात. तो वायू निघून जाऊ दिला की मात्र क्यू के पर्यंत पोचतच नाही आणि चुनखडी शेवटच्या खड्यापर्यंत फुटते.

पाणी नेहमीच वगळायचं असं नाही. असेटिक आम्ल आणि इथेनॉलपासून एस्टर करताना पाणी उत्पादित असतं, द्रावक नसतं, त्यामुळे ते मोजावंच लागतं. या अभिक्रियेचं के सुमारे ४ आहे. दोघांचा १–१ मोल घेतला तर आम्लाचा ६७ टक्के भाग एस्टर होतो. इथेनॉल २ मोल घेतलं तर ८५ टक्के, ३ मोल घेतलं तर ९०. पुढे इथेनॉल ओतत राहण्यात फारसा अर्थ नाही, कारण प्रत्येक वाढीव मोलमागे फायदा घटत जातो. त्यापेक्षा तयार होणारं पाणी बाहेर काढत राहणं जास्त परिणामकारक.

एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे पाठ केलेलं वाक्य उलटं उत्तर देतं. नायट्रोजन ३ मोल, हायड्रोजन १ मोल आणि अमोनिया १ मोल समतोलात आहेत, दाब आणि तापमान कायम. त्यात आणखी १ मोल नायट्रोजन घातला. ‘नायट्रोजन वाढला, तो कमी करायला अभिक्रिया पुढे जाईल’ असं वाटतं. मोजून बघा. दाब कायम असताना इथे क्यू हे (अमोनियाच्या मोलांचा वर्ग × एकूण मोलांचा वर्ग) भागिले (नायट्रोजनचे मोल × हायड्रोजनच्या मोलांचा घन) या प्रमाणात असतं. आधी २५ भागिले ३, म्हणजे ८.३३. नंतर ३६ भागिले ४, म्हणजे ९. क्यू वाढलं, अभिक्रिया मागे आली, अमोनिया कमी झाला! नायट्रोजनसाठी जागा करताना हायड्रोजनही विरळ झाला, आणि हायड्रोजनला घातांक ३ आहे, म्हणून त्याचा परिणाम वरचढ ठरला. नायट्रोजन एकूण मोलांच्या निम्म्याहून जास्त असेल तेव्हाच असं होतं. आकारमान कायम असेल तर नेहमीचंच उत्तर बरोबर.

तापमानाकडे येऊ. ‘उष्णता’ हा शब्द समीकरणात पदार्थासारखा लिहिण्याची युक्ती दिशेपुरती ठीक आहे: उष्माग्राही (उष्णता शोषणाऱ्या) अभिक्रियेचं के तापवल्यावर वाढतं, उष्मादायीचं (उष्णता सोडणाऱ्या) घटतं. किती, ते व्हान्ट हॉफच्या समीकरणाने निघतं, आणि ते अभिक्रियेच्या उष्णतेवर ठरतं. वरच्या तपकिरी वायूच्या अभिक्रियेत दर मोलला ५७ किलोजूल शोषले जातात. २५ वरून ५० अंशांवर नेलं की के जवळपास सहापट होतं. एस्टरच्या अभिक्रियेत उष्णता जवळजवळ शून्य, म्हणून के जवळपास हलतच नाही. ते मिश्रण उकळत ठेवतात ते फक्त वेगासाठी.

प्रयोगशाळेत हे बघायचं असेल तर मी कोबाल्ट क्लोराइड सुचवेन. साधारण १ ग्रॅम सजल क्षार १० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. द्रावण गुलाबी होईल. त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू घाला, १५ मिलिलिटरच्या आसपास द्रावण जांभळं होतं. तिथेच थांबा. तीन परीक्षानळ्यांत वाटा: एक ८०–९० अंशांच्या पाण्यात, एक बर्फात, एक तशीच. गरम नळी निळी, गार नळी गुलाबी. नळ्यांची अदलाबदल केली की रंगही बदलतात. बर्फात गुलाबी येत नसेल तर आम्ल जास्त झालंय, थेंब-थेंब पाणी घाला. गरम करूनही निळा येत नसेल तर आम्ल कमी पडलंय. थेंबांनी एवढा फरक पडतो कारण गुलाबी कोबाल्ट आयनाला चार क्लोराइड जोडले जाऊन निळा आयन होतो, म्हणून सूत्रात क्लोराइडला घातांक ४ आहे: नुसतं क्लोराइड निम्मं झालं तरी क्यू सोळापट. सिल्व्हर नायट्रेट घातलं तर क्लोराइड पांढऱ्या अवक्षेपात अडकतं आणि द्रावण गुलाबीकडे वळतं. हे सगळं धूर खेचणाऱ्या कपाटात, चष्मा आणि हातमोजे घालूनच करा. कोबाल्ट विषारी आहे, द्रावण बेसिनमध्ये ओतू नका.

आता अमोनिया. नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन रेणू मिळून अमोनियाचे दोन, आणि ९२ किलोजूल बाहेर. २५ अंशांवर के प्रचंड मोठं आहे, म्हणजे समतोल आपल्या बाजूने आहे. पण नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडायला दर मोलला सुमारे ९४५ किलोजूल लागतात, त्यामुळे त्या तापमानाला अभिक्रिया होतच नाही म्हटलं तरी चालेल. कधीच न गाठला जाणारा समतोल कितीही अनुकूल असून उपयोग काय? लोखंडाचा उत्प्रेरक ४०० अंशांच्या पुढे पुरेसा वेग देतो. तिथे के फार लहान झालेलं असतं, म्हणून दाब वाढवतात. २०० वातावरण दाबाला समतोलातलं अमोनियाचं प्रमाण ४०० अंशांवर सुमारे ३५ ते ४० टक्के, ५०० अंशांवर १८ च्या आसपास. १ वातावरणाला ४०० अंशांवर अर्धा टक्काही नाही. ४५० अंश ही वेग आणि प्रमाण यांची तडजोड आहे.

सल्फर ट्रायऑक्साइड करतानाही तापमान ४०० ते ४५० अंशच ठेवतात, पण दाब १–२ वातावरणांपलीकडे नेत नाहीत. तिथे अभिक्रिया पुढे जाताना रेणू कमी होतात, म्हणजे दाबाने फायदाच व्हावा, तरीही. कारण साध्या दाबालाच समतोल जवळजवळ पूर्ण उजवीकडे आहे. जास्त दाबाचा खर्च कशासाठी करायचा?

अमोनियाच्या कारखान्यात वायू समतोलापर्यंत थांबवूनही ठेवत नाहीत. एका फेरीत साधारण १५ टक्के रूपांतर होतं, मग मिश्रण थंड करून अमोनिया द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन-हायड्रोजन पुन्हा फिरवतात. १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथे पहिला कारखाना सुरू झाला, तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे. आणि इथे तुमचा आरगॉन पुन्हा भेटतो. नायट्रोजन हवेतून येतो, त्यासोबत थोडा आरगॉनही. तो कशाशीच संयोग पावत नाही, म्हणून दर फेरीला साठत जातो. एकूण दाब ठरलेला असल्यामुळे नायट्रोजन आणि हायड्रोजनचे आंशिक दाब उतरतात, क्यू वाढतं आणि अमोनिया घटतो. म्हणून फिरणाऱ्या वायूचा थोडा भाग सतत बाहेर सोडावा लागतो, त्यासोबत थोडा हायड्रोजन गेला तरी.